एका कादंबरीचे तीन वाटेकरी

पुस्तकाला ब्लेड लावणारा माणूस कसा दिसत असेल, असं तुम्हाला कोणी विचारलं तर तुमच्या डोळ्यांपुढे एखादा दुष्ट, मिशीवाला, आतल्या आत हसणारा इसम येईल. तसं काही नसतं. तो माणूस चष्मा लावतो, पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक असतो, भिंतीवर पाल दिसली की बायकोला हाक मारतो आणि त्याने जे केलं ते निव्वळ मदत म्हणून केलेलं असतं. (मी हे इतक्या खात्रीने सांगतोय, त्यावरून तुम्हाला अंदाज आलाच असेल.)

माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं, बाटलीवर चिठ्ठी लावायची आणि पुढच्याला बोलवायचं. येणारे लोक तिच्याकडे बघतच नाहीत. ते एकतर सुईकडे बघतात नाहीतर भिंतीकडे. अशी ही बाई गेल्या वर्षी एका वाचनगटात जायला लागली. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं, कोणाच्या तरी घरी जमायचं आणि त्यावर बोलायचं. पहिल्या बैठकीहून ती आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"अहो, त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटलं म्हणून!"

"मग?"

"मग मी सांगितलं. आणि त्यांनी ऐकलं!"

यात एवढं नाचण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. तिला काय वाटतं ते मीही विचारतो. (माझं ठरवून झालं की लगेच विचारतो.) पण तेव्हापासून महिन्यातली ती एक संध्याकाळ हा तिचा सण झाला. त्या दिवशी ती लॅबमधूनच गुणगुणत यायची.

गटाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या. म्हणजे त्या झाल्या, त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. त्यांचा एक नियम होता. ज्याच्या घरी बैठक त्याने चर्चा सुरू करायची, आणि पुस्तक पूर्ण न वाचता जो चर्चा सुरू करेल त्याने पुढच्या बैठकीपासून यायचं नाही. मागे एकदा दातांच्या डॉक्टरांनी नुसतं मागचं कव्हर वाचून सुरुवात केली होती. ते हल्ली फक्त दात काढतात.

तर आता पाळी आमच्या घराची आली. आणि पुस्तक निघालं एका कोरियन घराण्याची गाथा. पणजीपासून पणतीपर्यंत सगळं खानदान त्यात नांदत होतं. पुस्तक इतकं जाड की ते वाचायला घेण्याऐवजी दाराला लावावं, म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही. वाचनालयातल्या सगळ्या प्रती आधीच गेल्या होत्या, म्हणून मोठ्या बाईंनी स्वतःची प्रत दिली. तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे दुमडलेले नाहीत, एक डाग नाही. देताना म्हणाल्या, "जपून हं." त्यांचं 'जपून हं' ऐकून बायकोने पुस्तक तान्ह्या बाळासारखं घरी आणलं.

नेमकी त्याच दिवसांत तापाची साथ आली. लॅबपुढे रांगा लागल्या. बायको घरी यायची ती थकून, भागून, जेवायची, पुस्तक उघडायची आणि अकराव्या पानावर झोपायची. रोज अकरावंच पान. तोवर नायिका जन्मलीसुद्धा नव्हती. बघता बघता बैठक आठवड्यावर आली.

जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "मी बाईंना सांगून टाकते. नाही जमत मला. त्यांनी काढायच्या आधी मीच जाणं बंद करते. तशीही मी त्या शिकल्या-सवरलेल्या लोकांत कुठे बसणारी!"

आवाज अगदी साधा होता, पण पोळीचा तुकडा ती नुसताच ताटात फिरवत होती. ते गुणगुणणं बंद होणार, हे मला त्या क्षणी दिसलं आणि अजिबात आवडलं नाही. मी मनाशी म्हटलं, काहीतरी केलं पाहिजे. (माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या एका वाक्याने सुरू झालेली आहेत.)

आता आमच्या कार्यालयाची एक पद्धत सांगायला हवी. जाड फाइल एका टेबलावर पडली की तिथेच म्हातारी होते. म्हणून आम्ही ती फोडतो. भाग अ एका टेबलावर, ब दुसऱ्या, क तिसऱ्या. तिघांनी एकाच वेळी वाचायचं, आपापला शेरा मारायचा आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचं. काम तिप्पट वेगाने होतं. आता या पद्धतीने एकदा, भाग अ मध्ये जमीनदोस्त झालेल्या इमारतीला भाग क मध्ये नवी नळजोडणी मंजूर झाली होती, हे खरं आहे. पण वेगाबद्दल कोणाला शंका घेता आली नाही.

सुट्टीच्या दिवशी बायको सकाळीच लॅबला गेली. मी पुस्तक टेबलावर घेतलं, तपकिरी कव्हर अलगद काढून ठेवलं, पट्टी लावली, ब्लेड धरलं आणि पोथी फोडली. कापलं इतकं सुरेख की साहेबांनी बघितलं असतं तर बढती दिली असती.

बायको आली. टेबलावर तीन पुस्तकं बघून तिला आधी वाटलं, मी विकत आणली.

"हे काय आहे?"

"भाग अ तुझा. ब माझा. क आईंचा."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात. वाचनाची आवड इतकी, की औषधाच्या खोक्यातला कागददेखील दोन्ही बाजूंनी वाचतात आणि मग औषध घ्यायचं नाकारतात.

बायको भिंतीला टेकून खाली बसली. "अहो, हे बाईंचं पुस्तक आहे."

"माहीत आहे."

"त्यांच्या बाबांनी त्यांना दिलं असेल, नाहीतर कोणी तरी... अहो, तुम्ही ते कापलंत?"

"कापलं काय म्हणतेस? वाटप केलं. रोज सकाळी चहाला तिघांनी एकमेकांना आपापला भाग सांगायचा. आठवड्यात पुस्तक खलास. मग मी चिकटवून देतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

ती रडणार की मारणार याचा मी अंदाज घेत होतो. तेवढ्यात सासूबाईंनी क भाग उचलला, चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य वाचून म्हणाल्या, "अगं बाई! म्हातारीने सुनेच्या अंगावर तांब्या फेकला!" आणि त्या खोलीत निघून गेल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं, त्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि मुकाट्याने भाग अ उचलला. तुटलेलं तर तुटलेलंच होतं.

खरं सांगतो, तो आठवडा फार मजेत गेला. भाग लहान झाल्यावर बायकोला बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, उभ्या उभ्या वाचता येऊ लागलं. सकाळचा चहा म्हणजे आमची छोटी कचेरीच झाली.

बायकोच्या भागात 'धाकटी' नावाची एक पोरगी होती. दुष्काळात आईने उपाशी राहून वाढवलेली, आजारी बहिणीला पाठीवर घेऊन गोठलेली नदी ओलांडणारी, हसरी. बायको तिच्यावर इतकी खूश की चहात साखर घालायला विसरायची.

माझ्या भागात धाकटी नव्हतीच. माझ्याकडे होती 'थोरल्याची आई'. काय बाई होती! खानावळ चालवायची, थोरल्याबरोबर दिराची दोन पोरकी मुलंही वाढवायची, गावच्या सावकाराला झाडूने पिटाळायची. हसायचं तर नावच नको. मी रात्री भाग ब बंद करताना हळूच बंद करायचो, उगाच तिला राग यायला नको म्हणून.

आणि सासूबाईंच्या भागात होती 'टेकडीवरची आजी'. संशयी, हट्टी, रोज रात्री तांदळाच्या पेटीवर अंथरूण घालून झोपणारी. "चक्रम आहे मेली," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. "सुनेला भात मोजून देते. मला फार आवडते."

"पण आई, माझी धाकटी पुढे कुठे गेली?" बायको विचारायची.

"लग्न होऊन गेली असेल कुठे तरी. मुली जातातच," सासूबाई म्हणायच्या.

एके दिवशी बायको डोळे पुसतच चहाला आली. "धाकटीचा नवरा गेला हो. भाग संपताना. पोटात पोर, आणि हा गेला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. माझ्या भागातल्या बाईचा नवरा ठणठणीत आहे. एकदा साधा खोकलाही नाही." तिला तेवढंच बरं वाटलं.

शेवटी आमचं असं ठरलं, की ही तीन बायकांची कहाणी आहे. एक सोसणारी, एक लढणारी, एक छळणारी. बायकोने त्यावर छान विचार करून ठेवला. आरशापुढे उभं राहून दोनदा बोलूनही बघितलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी पुस्तक चिकटवलं. घरातला गोंद पुरेना, म्हणून कोपऱ्यावरच्या चांभाराकडून बुटाचे तळवे चिकटवायचं रबराचं सोल्युशन आणलं. तो म्हणाला, "साहेब, याने चिकटलेलं निघत नाही. फक्त गरम जागी ठेवू नका." मी म्हटलं, पुस्तक काय चुलीवर ठेवणार आहे? वरून तपकिरी कव्हर चढवलं. पाठ थोडी वाकली होती, पण पन्नाशीनंतर कोणाची वाकत नाही?

आता वातावरणनिर्मिती. बायको म्हणाली होती, "जरा उबदार, घरगुती वाटू द्या." माझ्या भागात सारखं येत होतं, की त्या लोकांच्या घरात जमीन खालून तापवलेली असते आणि सगळे जमिनीवर बसतात. मला ती कल्पना फारच आवडली. मी सोफा आत ढकलला, बैठकीच्या खोलीत गालिचा घातला आणि गालिच्याखाली घरातल्या आणि शेजारच्या मिळून सहा गरम पाण्याच्या रबरी पिशव्या पेरल्या. पाणी चांगलं उकळतं. मधोमध, सगळ्यात गरम पिशवीवर, मानाने, पुस्तक ठेवलं.

(तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल. मी नाही लावला. मी उशा मांडत होतो.)

संध्याकाळी पाहुणे आले. मोठ्या बाई, बाजारातले चष्मेवाले आणि बँकेच्या मॅनेजरबाई. चष्मेवाले स्वभावाने फार मऊ. कोणाला वाईट बोलायचंच नाही, समोरच्याला काही दिसत नसलं तरी 'छान, आता खालची ओळ वाचा' म्हणायची सवय. मोठ्या बाई गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून, हळूहळू गालिच्यावर बसल्या. त्या टेकल्या मात्र, खालून आवाज आला. गुडगुडगुडगुड.

सगळे छताकडे बघू लागले.

"माझं हो," चष्मेवाले म्हणाले. "दुपारी जेवलो नाही."

बाई जराशा सरकल्या. गुडगुड. चष्मेवाल्यांनी घाईने दोन बिस्किटं तोंडात टाकली.

"वा, जमीन किती उबदार आहे!" मॅनेजरबाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने एक पाय उचलून बसल्या, मग दुसरा.

बायकोने चहा दिला, पदराला हात पुसले आणि बसली. मी तिला मानेने खूण केली, की होऊ दे सुरू. ती सुरुवातीला अडखळली, पण मग सुरेख बोलू लागली. "ही मला तीन बायकांची गोष्ट वाटली. एक सोसणारी, एक लढणारी आणि एक छळणारी..."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला.

"किती बायकांची?"

"तीन. धाकटी, थोरल्याची आई आणि टेकडीवरची आजी."

खोलीत इतकी शांतता झाली की गालिच्याखालचं पाणी ऐकू आलं.

"अहो," बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "ती एकच बाई आहे."

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दाराशी बसलेल्या सासूबाईंनी चष्मा काढला. बाई पुढे म्हणाल्या, "तिथे बाईला नावाने हाक मारत नाहीत. माहेरी असते तोवर धाकटी. पोर झालं की त्या पोराची आई. म्हातारपणी आजी. बाई तीच. पुस्तक वाचलेल्याला हे कळल्याशिवाय राहत नाही."

'वाचलेल्याला' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला दातांचे डॉक्टर दिसू लागले. बायको खाली मान घालून बसली होती. आता मदतीला धावणं हे माझं कर्तव्य होतं. मी धावलो.

"बाई, ती मांडणी हिने मुद्दाम केली. चर्चेला तोंड फुटावं म्हणून," मी म्हणालो. "पण पुस्तकातलं खरं पात्र बायकांत नाहीच. ते आहेत थोरल्याच्या आईचे यजमान."

"अहो..." बायको पुटपुटली. तिचे डोळे एकदम मोठे झाले होते. मला वाटलं, कौतुकाने.

"काय गृहस्थ आहेत! पांढरेशुभ्र कपडे, ताठ मान, कोपऱ्यातली आपली जागा सोडायची नाही. मुलं परीक्षेला जाताना वाकून नमस्कार करतात. बायको रोज ताजा भात आधी त्यांच्यापुढे ठेवते, मग घर जेवतं. आणि मोठेपणा बघा! तो भात स्वतः न खाता ते मुलांना देतात."

"अहो, ऐका ना," बायकोने माझी बाही ओढली. मी ती सोडवून घेतली. ऐन रंगात आलेल्या माणसाला असं ओढू नये.

"वादळात छप्पर उडालं, घरभर पळापळ झाली, हे जागचे हलले नाहीत. थोरल्याने घर विकायला काढलं, बायको त्यांच्यापुढे बसून रडली. दुसरा कोणी असता तर आकांडतांडव केलं असतं. हे? एक शब्द नाही! असा संयम असला की घरात मान आपोआप मिळतो. मी तर म्हणतो, प्रत्येक नवऱ्याने..."

"छान," चष्मेवाले हळुवारपणे म्हणाले. "पण मग, त्यांच्या मृत्यूबद्दल तुम्हाला काय वाटलं?"

"मरतात का ते?" मी म्हणालो, आणि लगेच सावरून घेतलं. "म्हणजे मरणारच. पण माझी खात्री आहे, मरतानाही शांतच असतील."

"ते माझ्या भागात मेले हो," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "तो धाकटीचाच नवरा. तुमच्या भागात आहे ती त्याची तसबीर आहे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, याचा अर्थ मला शाळेत कधी नीट कळला नव्हता. तेव्हा कळला. पण हार मानायची तर माणूस सरकारी नोकरीत टिकलाच नसता. "तसबीर? असं कुठे लिहिलंय? दाखवा," म्हणत मी झुकलो आणि मधोमध ठेवलेलं पुस्तक उचललं.

भाग ब माझ्या हातात आला. भाग अ घसरत मोठ्या बाईंच्या मांडीवर गेला. भाग क गालिच्यालाच चिकटून राहिला. आणि रिकामं तपकिरी कव्हर चष्मेवाल्यांच्या चहाच्या कपावर अलगद झाकणासारखं बसलं. तिन्ही भागांमधून रबराचे लांबच लांब तंतू निघाले होते, ते आम्हा सगळ्यांना एकमेकांशी जोडत होते.

बाई दचकून मागे सरकल्या. गुडगुडगुडगुड.

यावेळी चष्मेवाल्यांनीही काही जबाबदारी घेतली नाही.

"माझं पुस्तक," मोठ्या बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मी बोलायला तोंड उघडलं. बायकोने हात वर केला आणि मला गप्प केलं. लॅबमध्ये हात न हलवणाऱ्या पेशंटवर ती करते तसा, हलका पण पक्का हात.

"बाई, मी सगळं पुस्तक वाचलेलं नाही," ती म्हणाली. "पहिला भाग मी वाचला, मधला यांनी आणि शेवटचा आईने. मला वेळ पुरत नव्हता आणि गट सोडवत नव्हता. इथे मला कोणी तरी विचारतं, म्हणून. कापलं यांनी असलं तरी गप्प मी बसले. पुस्तक मी भरून देईन. पुढच्या वेळेपासून मी येणार नाही, नियम मला ठाऊक आहे." ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "फक्त एक सांगा. धाकटीच खरंच ती आजी होते? ती एवढी हसरी पोरगी?"

आवाज आला तो दाराजवळून, सासूबाईंचा.

"थांब. तुझ्या त्या धाकटीची आई दुष्काळात कशाने गेली म्हणालीस?"

"उपासाने. घरातला शेवटचा तांदूळ कोणी तरी चोरून नेला. त्या रात्री धाकटीला राखण करायला सांगितलं होतं, आणि तिला झोप लागली."

"म्हणून!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणून ती तांदळाच्या पेटीवर झोपते! आणि मी तिला चक्रम म्हणत बसले. अगं, सत्तर वर्षं ती राखण करतेय!"

मला एकदम आठवलं. "माझ्या भागात थोरला एकदा भाताचा वाडगा फेकतो, तेव्हा ती त्याला मारते आणि मग न्हाणीघरात जाऊन स्वतःच रडते. मला वाटलं, काय तापट बाई आहे."

"आणि शेवटी ती पेटीची किल्ली सुनेला देते," सासूबाई म्हणाल्या. "देते आणि म्हणते, आज मला झोप येतेय. मला वाटलं, एवढ्याशा किल्लीचं काय कौतुक." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मेलीने इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आणि विचारलं तरी कोणी? नावसुद्धा नाही बिचारीला. पण मी तरी काय निराळी आहे? आधी अमक्यांची लेक, मग हिची आई, आता जावईबापूंच्या सासूबाई."

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही तिघं एकमेकांचं वाक्य तोडून बोलू लागलो. बायको नदी ओलांडण्याचं सांगायची, की मी सांगायचो, थोरल्याची आई नदीकाठी कधीच का जात नाही. मी सावकाराचं सांगायचो, की सासूबाई त्या सावकाराच्या नातवाचं पुढे काय झालं ते सांगायच्या. तीन बायकांची एक बाई होताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पाहुणे बिस्किटं खायची विसरून ऐकत होते. पिशव्या कधी गार झाल्या कोणाला कळलं नाही.

शेवटी मोठ्या बाईंनी घसा साफ केला. आम्ही तिघं वर्गात सापडलेल्या पोरांसारखे गप्प झालो.

"मी हे पुस्तक दोनदा वाचलंय," त्या म्हणाल्या. "तांदळाची पेटी आणि ती रात्र, दोन्ही माझ्या नजरेखालून गेलं. पण मधे इतकी पानं गेली, की मला ते जोडायचं सुचलं नाही." त्यांनी मांडीवरच्या भाग अ वरचा रबराचा तंतू बोटाने ओढून काढला. "नियम काय आहे? ज्या घरी बैठक, त्या घराने पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं पाहिजे. या घराने वाचलंय." आणि बायकोला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वेळेवर या. आईंनाही घेऊन या. आणि हे असंच राहू दे, तीन भागांत. आडवं पडून वाचायला मला आता जाड पुस्तक पेलतच नाही."

बायको हसली. मग तिला रडू आलं, मग परत हसली. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. अखेर ही सगळी युक्ती कोणाची होती? मी नम्रपणे विचारलं, "आणि बाई, माझं काय? मीही एक तृतीयांश वाचलंय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तुम्हीही या. त्या तुमच्या आवडत्या गृहस्थांसारखे. ताठ बसायचं. चहा पुढे ठेवला जाईल. एक शब्द बोलायचा नाही."

मी ही संधी सोडली नाही. तेव्हापासून दर महिन्याला मी जातो, स्वच्छ पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात बसतो आणि मौन पाळतो. मान मिळतो की नाही हे अजून नक्की कळलेलं नाही. मागच्या बैठकीत मात्र मला एक खरोखरच चांगला मुद्दा सुचला. अगदी राहवेना. मी हलकेच खाकरलो. मोठ्या बाई बोलता बोलता थांबल्या, त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "जरा खिडकी लावून घ्या हो, वारा येतोय."

बायकोने उठून लावली.